डिस्क पुसायची का?

दाऊदभाई हमदुले गेले त्या रात्री
मी फोनला एवढंच विचारलं होतं,
मस्कतहून मय्यत गावी न्यायला किती लागतात.

फोन ते विसरेना.
बातम्या उघडाव्यात तर कार्गोची जाहिरात,
क्रिकेटचा स्कोअर बघावा
तर शेजारी पेट्या, जस्ताच्या, सवलतीत.
दाऊदभाई दापोलीच्या मातीत जाऊन चाळीस दिवस झाले
आणि हा मेला अजून विचारतोय,
तुमची चौकशी अर्धवट राहिली, पुढे जायचं?

डंबर म्हणाला, फोन चुगलखोर असतो, दाई.
डंबर नेपाळचा. कॉम्प्युटर क्लासच्या दारावर रात्रपाळी.
पोरं गेली की आत बसून शिकलेला.
त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात
सुपारीएवढा पेनड्राइव्ह.

लॅपटॉप दाऊदभाईंचाच.
दोन जीबी रॅम, बिजागरी सैल,
विंडोज सुरू होईस्तोवर चहा उकळून निवायचा.
पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला.
'हलकं लिनक्स टाकू,' डंबर म्हणाला,
'म्हातारा बैल आहे, ओझं उतरवलं की चालेल.'

हमरियातली खोली. सहा खाटा, एक रिकामी.
एसीचं पाणी बाटलीत ठिबकतंय.
बाहेर बोडका डोंगर
दिवसभर खाल्लेलं ऊन परत करतोय.

मशीन पेनड्राइव्हवरून उठलं
आणि काही न विचारता
दाऊदभाईंचं अख्खं कपाट समोर उघडं:
'हलिमा'. 'वीजबिलं'. 'छप्पर गळती'.
'कुणाला दाखवू नये'.

त्या शेवटच्या नावावर बोट थांबलं.
आठवडेच्या आठवडे कार्गोवाल्यांना शिव्या घालणारा मी.
डंबर खिडकीकडे वळला,
उगाच डोंगर बघत राहिला.

न उघडताच सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उचललं,
चिकटपट्टी गुंडाळली, वर लिहिलं:
हलिमावहिनी, त्यांच्याच हाती द्यावे.
गुरुवारी मंडणगडचा परकार निघतोय.

मग यंत्रानं विचारलं, डिस्क पुसायची का?
हे परत येणार नाही.
रिकाम्या खाटेकडे बघून
मी 'हो' दाबलं.

पुढे काळी खिडकी, पांढरी अक्षरं.
नवा पासवर्ड टाकतोय तर
पडद्यावर एक ठिपका उमटेना.
म्हटलं कीबोर्डही गेला.
'दिसत नाही,' डंबर म्हणाला, 'पण पोचतं.'
दाऊदभाई दुआ मागायचे, तेव्हा मीही असाच
त्यांच्या रिकाम्या ओंजळीकडे बघायचो.

ब्राउझर आला. त्याला एक ढाल लावली.
मला आणखी चार हव्या होत्या.
'नको. दहा चिलखतं घालून बाजारात गेलास
तर सगळ्यांआधी तूच ओळखू येशील.
आणि वायफाय कंपनीचं आहे, विसरू नको.
कुठे जातोस ते त्याला कळतंच.'

बातम्यांचं पान उघडलं.
ढालीवर आकडा: सदतीस.
एवढे जण दाराशी उभे होते
आणि मी इतकी वर्षं म्हणत होतो
परदेशात आपल्याला कोण विचारतं!

डंबर चपला शोधत बाहेर पडला.
मी फोनला कधी विचारलं नव्हतं ते टाइप केलं,
डावा हात, पहाटे मुंग्या, वय एकावन्न.
वाचलं. दोनदा वाचलं.
खिडकी बंद केली.
सांगितल्याप्रमाणे मशीन सगळं विसरलं.

एसीचा थेंब बाटलीत पडला.
दाऊदभाईही पहाटे हात चोळत बसायचे,
विचारलं की म्हणायचे, काही नाही रे, थंडी.
आता हे कुणालाच ठाऊक नाही.
मला हवं होतं अगदी तसं.

जिन्यात अजून चपला वाजत होत्या.
मी दार उघडलं,
डंबर, जरा वर ये.